मोठेबाबांची रोजची किक

मोठेबाबा रोज सकाळी मोटारसायकल सुरू करायचे आणि कुठेही जायचे नाहीत. तोंड धुऊन झालं की पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, उभ्या असलेल्या त्या जुन्या काळ्या गाडीपाशी यायचे, चोक ओढायचे, किक मारायचे. इंजिन लागलं की शेजारच्या पायरीवर बसून थोडा वेळ ऐकत राहायचे. मग बंद करायचे आणि चहा मागायचे. एखादा नवखा माणूस विचारायचा, "कुठं निघाले, काकाजी?"

"कुठंच नाई. उठते का नाई, पाहून राहिलो."

गावातली पोरं हसायची. पेट्रोल काय झाडाला लागतं का, म्हणून त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, कुरकुरायचा. मी मात्र कधी हसले नाही. ही सवय त्यांना कधी लागली ते मला माहीत होतं, आणि का लागली तेही माहीत आहे असं मी समजत होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नवेगाव बांधच्या अलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. दोन घरं, अंगण एक. माणूस बोलायला अगदी रोखठोक. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा वडील घाम पुसत इकडच्या तिकडच्या गोष्टी करत बसले होते. मोठेबाबांनी तिसऱ्या मिनिटाला विषयाला हात घातला. "पोरगी शिकली हाय, सैपाक बरा करते. पटत असंन त हो म्हना, चाय थंडी होऊन राहिली." पाहुणे हो म्हणाले. आजही माझ्या सासरी ही गोष्ट निघाली की सगळे हसतात.

पूर्वी हीच गाडी पावसाळाभर बंद असायची. आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट मातीची. पऱ्हे, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी, टाकून झालं की त्या वाटेचा नुसता गारा व्हायचा आणि गावातल्या सगळ्या गाड्या दिवाळीपर्यंत घरात जायच्या. बाकीचे लोक गाडी भिंतीला टेकवून मोकळे व्हायचे. मोठेबाबा तिला निजवायचे, हा त्यांचाच शब्द. कार्बोरेटरमधलं पेट्रोल खालच्या स्क्रूतून बाटलीत काढून घ्यायचे, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कुंभारीण माशीने घर करू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचे. वरून पोतं टाकायचे आणि त्यावरून हात फिरवायचे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पहिल्या मंडईच्या दिवशी गाडी उठवायची. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, नवं लुगडं नेसून अंगणात तयार असायची आणि मोठेबाबांचं आपलं चाललेलं असायचं. प्लग काढ, घास, फुंकर मार. कॉक उघडून ते चक्क बसून राहायचे. कार्बोरेटर भरू द्यायला पाहिजे, त्याआधी किक मारायची नाही.

"लोक मंडई पाहून वापस येऊन राहिले," मोठीआई म्हणायची, "आन आपली अजून पानीच पिऊन राहिली."

"पावसाळाभर उपाशी निजली थे. उठल्या उठल्या धावाले लावू का?"

मग चावी न लावताच दोनचार हलक्या किका, मग चावी, चोक, आणि एक खरी किक. गाडी खोकायची, पांढरा धूर सोडायची आणि लागायची. मोठीआई मागे बसताना दरवर्षी म्हणायची, "लागली एकदाची." त्या दोघांना तसं जाताना पाहणं मला फार आवडायचं.

मोठीआई वारली त्या वर्षी वाटेवर मुरूम पडला होता. गाडी बंद ठेवण्याचं तसं कारण उरलं नव्हतं. पण पऱ्हे टाकून झाले आणि मोठेबाबांनी सवयीने तिला निजवलं.

श्रावणातली दुपार होती. मोठीआई निंदण करून घरी आली आणि सपरीत भिंतीला टेकून बसली. छातीत दुखतं म्हणाली. लुगडं घामाने भिजलं होतं. घरात मोठेबाबांशिवाय मी एकटीच होते, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गावात तेव्हा फोनला रेंज नव्हती. मोठेबाबांनी पोतं ओढून फेकलं, बोळा उपसला आणि किक मारायला लागले. मारत राहिले. पाय घसरून नडगी सोलली, रक्त आलं, तरी मारत राहिले. गाडी खोकलीसुद्धा नाही. आयुष्यभर त्यांना घाई करणारी मोठीआई त्या दिवशी म्हणाली, "होऊ द्या सावकाश."

शेवटी कोणीतरी शेतातून ट्रॅक्टर आणला. नवेगावचा दवाखाना यायच्या आधी वाटेतच ती गेली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. मी सपरीत पडलेलं पोतं उचलायला गेले आणि मला दिसलं, कॉक बंद होता. एवढी शिस्त पाळणारा माणूस, पण त्या घाईत तेवढंच विसरला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने कॉक फिरवला. गाडीनेच दगा दिला असं त्यांना वाटू दे, गाडीला शिव्या देत ते राहतील, असं तेव्हा मनात आलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. वडिलांनाही नाही, नवऱ्यालाही नाही.

तेरवी झाल्यावर मोठेबाबांनी किक मारली आणि गाडी लागली. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिला कधी निजू दिलं नाही.

पुढे वाट डांबरी झाली. टॉवर आला. फोन केला की दवाखान्याची गाडी दारात यायला लागली. चुलतभावाने बटण दाबून सुरू होणारी स्कूटर घेतली. मोठेबाबांचे गुडघे गेले, तरी सकाळची किक चुकली नाही. एका हाताने खांब धरून मारायचे. मी गोंदियाहून माहेरी आले की सकाळी अंथरुणातच तो आवाज ऐकायचे आणि डोळ्यांवर पांघरूण ओढायचे.

यंदाच्या पावसाळ्यात ते बांधीत घसरून पडले आणि खाटेला लागले. मी भेटायला गेले. सपरीत खाट, शेजारी गाडी. अंग पार वाळलं होतं.

"माय, लय दिसापासून उठली नाई थे. पाह्य जरा."

मी पदर खोचला, चोक ओढला, किक मारली. काही नाही. आणखी मारल्या. मला घाम फुटला.

"आधी कॉक पाह्य," ते खाटेवरून म्हणाले.

कॉक बंद होता. पेट्रोल गळतं म्हणून चुलतभावाने केला असणार. मी उघडला, थांबले, मग किक मारली. गाडी खोकली, धूर सोडला आणि लागली. डोळे मिटून त्यांनी ती ऐकली. मी बंद केली तेव्हा म्हणाले, "त्या दिवशीबी बंदच होता."

मी खाटेपाशी खाली बसले.

"मी उघडला नाई. तेरवीले पाह्यलं त उघडा. घरात तूच होती त्या दिवशी."

"मंग बोलले काऊन नाई इतके वर्स?"

"तू एवढ्या मायेनं झाकलं. मी कायले उघडू?"

मी त्यांचे पाय धरून रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना वाचवलं. ते तर रोज सकाळी सगळं माहीत असूनच त्या गाडीपाशी येत होते, आणि माझ्यासाठी गप्प राहत होते.

त्याच आठवड्यात त्यांचा श्वास अडकला. दवाखान्याची गाडी वेळेत आली, सडक चांगली होती, सगळं जिथल्या तिथे होतं. मोठेबाबा परत आले नाहीत.

तेरवी झाल्यावर मी सपरीत बसून कार्बोरेटरमधलं पेट्रोल बाटलीत काढलं. कॉक बंद केला. सायलेन्सरमध्ये बोळा घातला, पोतं टाकलं. चुलतभाऊ दारात उभा राहून पाहत होता.

"काऊन बंद करून राहिली? चालू राहू दे ना, बाबा रोज करत."

"निजू दे तिले," मी म्हटलं. "आता कोनाले कुठं नेयाचं नाई."