उजव्या बाजूचे दोन ट्रान्झिस्टर

गेलं वर्षभर बाबा म्हणत होते की अ‍ॅम्प्लिफायरची उजवी बाजू हळू वाजते. मी दोन्ही बाजू मीटर लावून तपासल्या, दोन्ही सारख्या होत्या. तेव्हा दोष उजव्या बाजूचा नसून उजव्या कानाचा आहे असं माझं मत झालं आणि राइट टाउनमधल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी स्पीकरमधून मोठी घरघर आली आणि उजवी बाजू खरोखरच बंद पडली.

"मी काय म्हणून राहिलो होतो?" बाबा म्हणाले. डॉक्टरांची वेळ त्यांनी स्वतः फोन करून रद्द केली.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. नोकरीत असताना ते टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करायचे. हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी मी शाळेत असताना घेतला. लाकडी पेटी, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही बाजूंना तीस-तीस वॉट. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. चेरीतालच्या आमच्या घरात बैठकीच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर आणि बरोबर मध्ये बाबांची खुर्ची, ही मांडणी मला कळायला लागल्यापासून बदललेली नाही. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून सोल्डरिंग मी करतो आणि ते शेजारी बसून चुका काढतात.

पेटी उघडली तर उजवीकडचे दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर गेलेले होते. जुन्या पद्धतीचे, धातूचे, चपट्या टोपीसारखे, 3055 नंबरचे. आवाजाला जोर देण्याचं काम हेच करतात. डावीकडचे दोन शाबूत होते.

मी तेव्हाच ठरवलं की उजवीकडे बसतील ते अस्सलच बसतील आणि दोघांचा गेन, म्हणजे विजेचा प्रवाह वाढवण्याची ताकद, शक्य तितका एकसारखा असेल. खरं पाहता गेनमध्ये थोडा फरक असला तरी ऐकू येण्याइतका आवाज कमी होत नाही. पण दुरुस्तीनंतर बाबांना उजवीकडचं कमी ऐकू आलं, तर दोष ट्रान्झिस्टरवर जायला नको होता. कानाचं काय ते स्पष्ट व्हायला हवं होतं.

पहिले दोन अधारतालच्या मेन रोडवरच्या दुकानातून आणले. नवे कोरे, आरशासारखे चकचकीत. हातात हलके वाटले म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. जुना पंधरा ग्रॅम, नवे दहा-दहा.

"त्याच्यावर मी रवा मोजते," बायको म्हणाली.

"पुसून देतो."

"पुसून नाही, धुऊन. आणि हे काय करून राहिले तुम्ही, सोनं आहे का ते?"

मग मी एक जुना, जळालेला आणि एक नवा अशा दोघांच्या टोप्या करवतीने कापल्या. जुन्याच्या आत हरभऱ्याच्या डाळीएवढी चौकोनी चकती होती, तर नव्याच्या आत मोहरीपेक्षा जरा मोठी. वर छापलेला नंबर एकच. बाबांनी दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले आणि म्हणाले, "हा दहा मिनिटं चालला असता. मग तू म्हणाला असता, बाबांचे कान."

त्यानंतर मी लाउडस्पीकरवाल्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या दुकानदाराला फोन केला. बाजारात इथे हिंदीच चालते, म्हणून हिंदीतच बोललो. 3055 की एक जोड़ी चाहिए, असली. तो म्हणाला, है, रख देता हूँ. संध्याकाळी कामावरून येताना पुडी उचलली आणि घरी येऊन उघडली. वजन बरोबर, पण एकावर 3055 आणि दुसऱ्यावर 2955. हा दुसरा उलट जातीचा असतो. दिसायला हुबेहूब, पण त्यात प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. नव्या बांधणीच्या यंत्रांत एक सुलट आणि एक उलट असे जोडून वापरतात. आमच्या जुन्या यंत्राला दोन्ही सुलटच लागतात.

दुसऱ्या दिवशी मी पुडी घेऊन परत गेलो.

"भैया, जोड़ी ही तो दी है," दुकानदार म्हणाला. "एक ये, एक वो. मियाँ-बीवी."

"मुझे दोनों एक जैसे चाहिए."

"तो दो पीस बोलिए ना. दो मर्दों को जोड़ी कौन बोलता है?"

"हम बोलते हैं. बैलों की भी जोड़ी होती है."

"अच्छा, तो बैल जोतना है," तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाला. "हम समझे गाना सुनना है."

दोघे हसले, मीही हसलो. घरात आम्ही बांगड्यांची जोडी म्हणतो, कानातल्यांची म्हणतो, आणि दोन्ही एकसारखे असतात हे सांगायची गरज कधी पडत नाही. तोच शब्द मी त्याच अर्थाने हिंदीत नेला होता.

एकसारखे नवे दोन त्याच्याकडे नव्हते. पण माळ्यावर जुन्या इन्व्हर्टरचा सांगाडा पडला होता, त्याच्या जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर 3055 ओळीने बसवलेले. एकाच कारखान्यातले, एकाच खेपेचे. मी अख्खी पट्टी घेतली. स्कूटरवर पायांशी ठेवून आणली.

रविवारी सकाळी ट्रान्झिस्टर एकेक काढून गेन मोजला. दोन मेलेले निघाले. बाकीच्यांचे आकडे ४८, ७१, ५३, ६६, ५२, ६० असे आले. बाबांनी ऐकून लगेच सांगितलं, "बावन आणि त्रेपन लाव." मी तेच लावणार होतो. खाली अभ्रकाची चकती आणि उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावून दोन्ही कसले, सोबत जळालेले दोन रेझिस्टरही बदलले. पहिल्यांदा वीज सोडताना शंभर वॉटचा बल्ब मध्ये जोडला, म्हणजे काही चुकलं असेल तर बल्ब पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. दोन्ही बाजूंना तोच स्वर देऊन मीटर लावला. डावीकडे आणि उजवीकडे एकच आकडा. मीटर बाबांपुढे धरला. त्यांनी भिंगातून पाहिला.

कॅसेट लावली, मोनोचं बटण दाबलं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच वाजावं. बाबा खुर्चीत बसले. एक कडवं डोळे मिटून ऐकलं.

मग ते उठले, खुर्ची दोन्ही हातांनी धरून उलट फिरवली आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ करून बसले. समोर भिंत. आता डावा स्पीकर त्यांच्या उजव्या हाताला आला होता.

ही तपासणी वर्षभरात कधीही करता आली असती. त्याला ट्रान्झिस्टर लागत नव्हते, मीटर लागत नव्हता. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

"आता डावा कमी येऊन राहिला," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मी कॅसेटचा आवाज कमी करायला गेलो.

"राहू दे, चालू दे."

गाणं संपेपर्यंत ते तसेच बसले. मग खुर्ची पुन्हा सरळ करायला मला हाक मारली, आणि बसता बसता विचारलं, "ते डॉक्टर सोमवारी असतात काय?"

"असतात. पण सोमवारी गर्दी असते."

"मग मंगळवारची घे," बाबा म्हणाले. "आणि तिथं मीच बोलेन. तू मीटर घेऊन येऊ नको."