नत्थूजीनं उपटलेले खांब

आमच्या घरच्यायचा, म्हंजे नत्थूजीचा, विश्वास फक्त आपल्या हातमागावर. बाकी सारी दुनिया चोर! दूधवाला पाणी टाकते, डॉक्टर उगीच सुई टोचते, अन् जावई गोड बोलते म्हंजे त्याच्या पोटात नक्की काही तरी हाय. मी लग्न होऊन पाचपावलीत आली तेव्हापासून हेच ऐकून राहिली. बाप्पा, भाजी चांगली झाली तरी विचारत, "रुख्मिणी, आज काय पाहिजे तुले?"

आम्ही कोष्टी. वस्तीच्या मागं मोकळं मैदान होतं, तिथं सकाळी आमचा ताणा लागे. लुगड्याचं उभं सूत मागावर चढवायच्या आधी लांबच लांब ताणून खुंट्यायले बांधायचं, त्याले खळ लावायची, कुंचा फिरवायचा अन् उन्हात वाळवायचं. एवढं काम अंगणात मावत नाही. मैदान गेलं का माग बंद, अन् माग बंद का चूल बंद.

बाहत्तर सालाच्या आसपास त्या मैदानावर फुटबॉलचा क्लब आला. साधासुधा नाही, पगारी! महादेवराव नावाच्या एका गृहस्थानं शहरातल्या दुकानदारायकडून वर्गणी काढली अन् खेळणाऱ्या पोट्ट्यायले पगार सुरू केला. चेंडूले लाथ मारायचा पगार! मी तर पोट धरून हसली. हे हसले नाहीत.

"लाथ मारायचे पैसे कोणी फुकट देते का वं? आज गोलाचे खांब गाडले, उद्या कुंपण, परवा कुलूप. लिहून ठेव."

"मले लिहता येत नाही," म्हटलं.

महादेवराव सोता हात जोडून घरी आले. "नत्थूजी, सकाळी तुमचा ताणा, संध्याकाळी आमचा खेळ. पायजे तर आमच्या खांबालेच सूत बांधा." माणूस किती सरळ बोलला! पण यायले त्यातबी डाव दिसला. त्यायची पाठ फिरताच हे म्हणतात, "खांब त्याचा, म्हंजे उद्या सूतबी त्याचंच!"

आता खरं सांगते. मॅचच्या दिवशी सीताबर्डी, मोमिनपुरा, धंतोली, कुठून कुठून लोक सायकलीनं येत. ज्यायनं आमची गल्ली जन्मात पाहिली नव्हती, ते मागाचा खटखटाट ऐकून दारात डोकावत. लुगडं हातात घेऊन पाहत, अन् घरच्या बाईसाठी घेऊनबी जात, मधात दलाल नाही. शेजारच्या अंजनाबाईचे उकडलेले चणे खेळ सुरू व्हायच्या आधीच संपत. क्लब जिंकला का इतवारीतला शेठबी "आपण जिंकलो" म्हणे अन् मोमिनपुऱ्यातला विडीवालाबी.

"सगळ्या शयरात आपल्या वस्तीचं नाव झालं," मी म्हटलं.

"नाव झालं म्हंजे नजर लागन," हे म्हणाले.

लागली ना! पण लावणारा भलताच निघाला. ताराचंद शेठ नावाच्या एका लाकूडवाल्यानं सरकारात अर्ज केला का मैदान पडीक हाय, मले तिथं लाकडाची टाल, म्हंजे वखार, टाकाची हाय. सरकारी साहेब जागा पाहायले येणार, अन् दिवस कोणता, तर अवसेचा. अवसेले आमच्यात कोणी मागाले हात लावत नाही, ताणा लागत नाही. शेठले हे बरोबर ठाऊक. अन् त्याच हप्त्यात यायनं महादेवरावले शेठच्या ओसरीवर चहा पिताना पाहिलं. झालं!

"दोघं एकाच माळेचे मणी! खांब दाखवून क्लबचा ताबा सांगतीन अन् मंग मैदान शेठच्या घशात घालतीन."

अवसेच्या दुपारी सारी वस्ती उन्हानं दारं लावून पडली होती. यायनं लोखंडी सब्बल घेतली, आडव्या बल्ल्यायसकट सारे खांब उपटले अन् आणून आमच्या मागामागं लपवले. मी कपाळावर हात मारला.

"अवो, अक्कल गहाण ठेवली का? मोकळं मैदान पाहून साहेब पडीकच म्हणन ना!"

यायनं सब्बल भिंतीले टेकवली. मंग म्हणाले, "तुले काय समजते?" पण घामानं सदरा भिजला होता, अन् घाम उन्हाचा नव्हता.

संध्याकाळी मॅच होती. ही गर्दी, अन् खेळाडू खांब शोधत फिरून राहिले! साहेब आला, संगं शेठ. महादेवराव सांगाले लागले का साहेब, इथं रोज खेळ होते. शेठ हसला.

"फुटबॉलचं मैदान म्हणता, अन् खांब कुठं हायेत? साहेब, लोकं आजच्यापुरते गोळा केले. तमाशा हाय सारा."

"खांब काल होते, साहेब," महादेवराव म्हणाले. तोंड इवलंसं झालं त्यायचं.

साहेब जायले वळला. यायनं एकदा शेठकडं पाहिलं, एकदा महादेवरावकडं. दोघं मिळालेले असते तर शेठ असा कायले हसला असता? एवढं त्या संशयी डोक्यालेबी कळलं.

"थांबा साहेब! खांब माझ्या घरी हायेत. म्या उपटले."

एक खेळाडू अंगावर धावला, महादेवरावनं त्याले धरलं.

"का उपटले?" साहेबानं विचारलं.

"वाटलं, हे लोक आमचं मैदान खातीन. इथं रोज सकाळी आमचा ताणा लागते. आज अवस हाय म्हणून नाही. हे पाहा खुंट्यायचे खड्डे!" अन् हे गुडघ्यावर बसून हातानं माती उकरून दाखवू लागले.

"खरं हाय साहेब," महादेवराव म्हणाले. "मैदान यायचंच हाय. आम्ही संध्याकाळचे पाहुणे. शेठच्या घरी मी हेच सांगाले गेलो होतो."

साहेब वाकला, खड्डे पाहिले, गर्दीकडं पाहिलं. "शेठजी, ही जागा पडीक नाही," म्हणाला अन् गाडीत बसला. गर्दी अशी ओरडली का जशी मॅच जिंकली.

हे अजून मातीतच बसले होते. महादेवरावनं हात धरून उठवलं, तर यायनं तो हात सोडलाच नाही. "दादा, चुकलं माझं. माफ करा मले."

मी तोंडाले पदर लावून रडून राहिली होती. आनंद तर होताच, पण रागबी कमी नव्हता. साऱ्या संसारात यायच्या तोंडून माफी कधी ऐकली नव्हती मी, अन् ऐकली ती फुटबॉलवाल्यासाठी!