फोटो तेवढा काढा

माझ्या मुलीच्या शाळेच्या कार्यालयात, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला, एक बाई बसतात. टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा, शिक्क्याची पेटी आणि मुलांनी विसरलेल्या डब्यांची झाकणं. नेमणूक झाली ती दाखले लिहायला, पण शाळेत कुणीही त्यांना त्या कामासाठी ओळखत नाही. मुलं त्यांना वार्ताबाई म्हणतात आणि हाक मारली की त्या खुशीत मान वर करतात.

बातम्या द्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधी त्या फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहायच्या. पुढे शाळेचं संकेतस्थळ झालं. त्यात ‘ताज्या घडामोडी’ नावाचा एक कप्पा होता आणि तो रिकामाच पडून होता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “फळ्यावर लिहिता तेच इथे टाका की.” झालं, वार्ताबाईंना रान मोकळं मिळालं. शाळा सुटली की रोज एक फोटो आणि खाली चार ओळी. ‘पाचवीतल्या अमक्याचा दात मधल्या सुट्टीत पडला. शोधाशोध केल्यावर सापडला.’ ‘सातवीच्या खिडकीतल्या कुंडीला अखेर फूल आले. पाणी घालणाऱ्या तिघींचे अभिनंदन. चौथ्या मुलीने फक्त शोभेपुरती झारी धरली होती.’ आम्ही आया संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन आधी हेच वाचायचो. घरी मुलांना विचारलं, “आज काय झालं शाळेत?” तर उत्तर येतं, “काही नाही.” वार्ताबाईंमुळे कळायचं की बरंच काही झालेलं असतं.

त्यांचा एकच नियम होता. मुलाचं नाव पूर्ण लिहायचं. नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी. एकदा दाखल्यासाठी ताटकळत बसले असताना मी त्यांना याचं कारण विचारलं. त्या हसल्या. “आमच्या वर्गात एकाच नावाच्या तिघी होतो. एक उंच म्हणून लंबू, दुसरी बुटकी म्हणून गिट्टी. मी ना उंच ना बुटकी. मग मी कोण? तर तिसरी! दहावीपर्यंत तिसरी. बाईसुद्धा म्हणायच्या, ए तिसरी, उभी राहा. नाव अर्धं घेतलं ना, की मला ते मूलच अर्धं दिसतं बघा.”

कारण पटलं. मनात धास्ती मात्र होतीच. मी मुळातच काळजीखोर. ‘ही रोज आजोबांबरोबर मागच्या फाटकातून घरी जाते’ असं एका पहिलीतल्या मुलीच्या फोटोखाली वाचलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी कार्यालय गाठलं. मी वार्ताबाईंना म्हटलं, “अहो, हे कुणीही वाचू शकतं.” त्या म्हणाल्या, “हो ना! आजोबांचंही नाव टाकायला हवं होतं, राहिलंच.” नवरा घरी म्हणाला, “तू ना, पापड मोडायचा आवाज आला तरी दचकशील.” मी गप्प बसले.

मग शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत झाली. माझी मुलगी आठवीत आहे. घरी आम्ही तिला खारू म्हणतो, कारण लहानपणी ती खारीसारखी इकडून तिकडे पळायची. पण असं पळणं वेगळं आणि शर्यतीत धावणं वेगळं. दुसऱ्या फेरीत तिचा एक बूट निघाला. ती थांबली नाही. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी सगळ्यांच्या मागून रडत रडत धावत आली. वार्ताबाई शेवटच्या रेषेवर प्लास्टिकच्या स्टुलावर उभ्याच होत्या. फोटोत खारूचं तोंड उघडं, नाक लाल, गालांवर पाणी. खाली ओळी होत्या: ‘एक बूट गेला, डोळ्यांतून पाणी आले, पण ही थांबली नाही! सर्वांत शेवटी आली, पण आली!’ त्याखाली खारूचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी.

मला वाचून रडू आलं, इतकं छान वाटलं. खारूलाही रडू आलं, पण ते वेगळं होतं. ती दप्तर फेकून म्हणाली, “आई, सगळ्यांनी त्याचं स्टिकर केलंय.”

कुणीतरी तो चेहरा कापून घेतला होता. आता वर्गाच्या फोनवरच्या गटात कुणाचा गृहपाठ राहिला की खारूचा रडका चेहरा पाठवायचा. पाऊस आला, पाठव. वाटाण्याची भाजी डब्यात आली, पाठव. वर ‘एकबुटी’ हे नाव. खारू म्हणाली, “शाळा संपली ना, तरी ते असेल. माझं नाव टाकून शोधलं तर तेच येतं, पहिलं. बघ.” तिने शोधून दाखवलं. खरंच पहिलं तेच आलं. तेरा वर्षांच्या मुलीची जगाला ओळख काय, तर उघडं तोंड आणि गेलेला बूट.

मी तिथल्या तिथे वार्ताबाईंना निरोप लिहिला. अगदी नम्र: ‘नमस्कार बाई. माझ्या मुलीचा धावतानाचा फोटो तेवढा कृपया काढा. परवाच्या फोटोमुळे ती फार नाराज आहे.’

लगेच उत्तर आलं: ‘उद्याच काढते. अजिबात काळजी नसावी.’

मी खारूला निरोप दाखवला. ती जरा शांत झाली आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती थेट न्हाणीघरात शिरली आणि तिने आतून कडी लावली. मी फोन उघडला. जुना फोटो होता तिथेच होता. त्याच्यावर नवा फोटो. रिकामं मैदान, ऊन, आणि मधोमध धावणारी खारू. दोन्ही पायांत बूट, नाड्या घट्ट, चेहरा दगडासारखा. मागे आठवीच्या खिडक्यांतून डोकावणारी पन्नास तोंडं. खाली: ‘दोन्ही बुटांसह! पालकांच्या आग्रहावरून खास.’ आणि पुन्हा पूर्ण नाव.

काय झालं होतं ते कडीच्या आतून तुकड्यातुकड्यांनी कळलं. गणिताचा तास चालू असताना वार्ताबाई वर्गाच्या दारात आल्या होत्या. “हिच्या आईचा निरोप आहे, हिचा धावतानाचा चांगला फोटो हवाय.” खारू “नको, नको” म्हणत होती आणि बाई “लाजतेस काय गं, आईची इच्छा आहे” म्हणत होत्या. तिला मैदानात पळवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा फोटो हलला. वर्ग खिडक्यांना लटकलेला.

“मी त्या शाळेत परत जाणार नाही,” आतून आवाज आला. “आणि तू कुणाला काही लिहू नकोस.”

मला हसावं की रडावं कळेना. काढा म्हणजे काढा! पण वार्ताबाईंनी फोटो काढलाच होता. आपल्या भाषेत फोटो भिंतीवरून उतरवला तरी काढला आणि कॅमेऱ्याने टिपला तरी काढलाच. ज्या बाईंनी आयुष्यभर फोटो काढण्यातच सुख मानलं त्यांना दुसरा अर्थ सुचणार कसा? ‘नाराज आहे’ म्हणजे फोटो वाईट आला म्हणून, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

दोन दिवस खारू घरात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “मी जाते बोलायला.” ती म्हणाली, “तू गेलीस तर आणखी तिसरा फोटो येईल. मीच येते.” तिने केस घट्ट बांधले आणि माझ्या दोन पावलं पुढे चालायला लागली.

कार्यालयात मोठ्या बाई आधीच होत्या. माझा निरोप वार्ताबाईंनी पुन्हा मोठ्याने वाचला.

“काढा असं लिहिलंय. मी काढला की!”

“अहो, काढा म्हणजे काढून टाका!” मी म्हटलं.

“काढून टाकलाच ना. दुसऱ्या दिवशी लगेच.”

“कुठे टाकलात?”

“बातम्यांत!”

मोठ्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मग वार्ताबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं आणि तो चेहरा उतरत गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे माझ्या फोटोमुळे ही शाळेत येत नव्हती?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “हे बघा, उगाच ताप नको. हा कप्पाच बंद करू या. सगळं जुनंही पुसून टाकू.” वार्ताबाई हातातलं एका डब्याचं झाकण फिरवत राहिल्या. मला वाटलं, हेच बरं. सुंठीवाचून खोकला जाईल. मी मान हलवणार तेवढ्यात खारू म्हणाली, “सगळं कशाला? ज्याला नको असेल त्याचं पुसा ना. कुंडीवाल्या मुलींना आवडतं ते.”

“आणि तुझं?” वार्ताबाईंनी विचारलं. मला वाटतं, त्यांनी एखाद्या मुलाला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला असेल.

“दोन्ही फोटो पुसा. दोन बुटांचं सगळंच पुसा. पहिल्याची बातमी राहू द्या.”

“अगं, बातमी कशाला?” मी मध्येच म्हटलं. “निदान नाव तरी नको. उद्या कुणी शोधलं तर...”

“तर काय, आई? शर्यत पूर्ण केली हे कळेल. नाव राहू दे. बूट गेला तेही राहू दे. शेवटी आले तेही. फक्त डोळ्यांतून पाणी आलं ते पुसा.”

वार्ताबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. “पण रडलीस ते खरं होतं ना गं? मी खोटं नाही हो लिहिलं.”

“खरं होतं. पण ते माझं आहे.”

वार्ताबाईंनी संगणक स्वतःकडे वळवला. एका बोटाने कळा शोधत त्यांनी ती ओळ दुरुस्त केली आणि पडदा खारूकडे फिरवला. “बघ, असं?” खारूने वाचलं. “‘सर्वांत’ वरचा अनुस्वार गेला,” ती म्हणाली. तोही परत आला.

मी या मुलीला कितीतरी वेळा बजावलं आहे, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, पासवर्ड कुणाला देऊ नकोस, घरचा पत्ता कुठे लिहू नकोस. माझ्या सगळ्या सूचना वाईट माणसांपासून सांभाळायच्या होत्या. जीव लावणाऱ्या माणसाला “हे नको” कसं म्हणायचं, ते मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच येत नाही. आजोबा आणि मागचं फाटक वाचून मी एकदा बोलून गप्प बसलेच होते की नाही?

फोटो गेले, पण स्टिकर कुठे जाणार? ते तर वर्गाच्या फोनांत जाऊन बसलेले. ते निस्तरायला वार्ताबाई स्वतः आठवीत गेल्या. खारूने घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल केली. “मुलांनो, तुमच्या फोनांत माझी एक वस्तू आहे. फोटो मी काढला, म्हणजे चूक माझी आणि फोटोही माझा. तो पुढे पाठवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुपचूप पुसा. कुणी पुसला, कुणी नाही, ते मला कळणार नाही. हिला मात्र कळेल.” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “बाई, तुमचं स्टिकर केलं तर चालेल?” बाई म्हणाल्या, “दाखव आधी. जाड दिसले तर नाही चालणार.” वर्ग हसला. पुष्कळांनी स्टिकर पुसलं. सगळ्यांनी नाही. अजूनही अधूनमधून कुणीतरी ‘एकबुटी’ पाठवतं, आणि त्या दिवशी खारू जेवणात मीठ नाही म्हणून भांडते. मी ओळखते. विचारत नाही.

‘ताज्या घडामोडी’ आता रोडावल्या आहेत. वार्ताबाई प्रत्येक मुलाला आधी लिहिलेलं दाखवतात, धाकट्यांच्या घरी विचारतात आणि कोण कुठल्या फाटकाने जातो ते लिहितच नाहीत. मुलं सरळ नाही म्हणतात याचं त्यांना वाईट वाटतं. “दात पडलेला मुलगा म्हणाला, दाताचा फोटो टाका, माझा नको. आता नुसत्या दाताला नाव काय देऊ?” असं परवा मला म्हणाल्या. हसत होत्या, पण पूर्वीसारखं नाही. त्यांच्या हौसेचा एक तुकडा आम्ही मायलेकींनी तोडून आणला, हे मला टोचतं. खारूला टोचत नाही. ती म्हणते, “विचारतात तेव्हा त्या जास्त आवडतात.”

काल संध्याकाळी वार्ताबाईंचा फोन आला. मी उचलला. “बोला बाई.”

“तुमच्याशी नाही हो काम. लेकीला द्या. एक बातमी आहे, तिला विचारायचंय.”

“काय आहे? मला सांगा ना, मी सांगते तिला.”

“ती हो म्हणाली तर तुम्हालाही विचारेनच की. आधी तिला.”

मी फोन दिला. खारूने “हां बाई” म्हटलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी भाजी निवडत बाहेर बसले. आतून एकदा “नाही, तसं नको” ऐकू आलं, मग ती मोठ्याने हसली. काय ठरलं ते अजून तिने सांगितलेलं नाही.