दाजींचा टो-हिच आणि हौसाबाईंची गाय

या सदरातले अनुभव मी चवीने वाचतो आणि पोट धरून हसतो. तीच ती अमावस्या, तेच बाभळीचं झाड, लिफ्ट मागणारी तीच बाई… आणि तिचे पाय उलटे आहेत हे म्हणे मोटारसायकलच्या आरशात दिसतं! अहो, त्या आरशात मागची एसटी धड दिसत नाही, पाय कुठले दिसायला? तर सांगायचं इतकंच, की भूत, भानामती, चकवा यातलं मी काही मानत नाही. आजही मानत नाही. म्हणून तर चिडचिड होते. कारण माझी गोष्ट भर उन्हातली आहे आणि तिच्यात भूत नाहीच. एक गाय आहे, एक म्हातारी आहे, आणि दाजी आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार सातारा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर्ड. रिटायर झाल्यावर त्यांनी एक भलीमोठी एसयूव्ही घेतली आणि लगोलग तिला मागे टो-हिच बसवायला निघाले. ओढायला काही नव्हतं. "असावा," म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या चासीला खालून एक लोखंडी चौकट बोल्टांनी बसवतात. तिची एक पट्टी बंपरखालून बाहेर येते. पट्टीच्या टोकाला भोक, आणि त्या भोकात नटाने आवळलेला, मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा. ट्रेलरच्या नाकावर टोपासारखा एक भाग असतो. तो गोळ्यावर बसवायचा, खटका पाडायचा, खटक्यात पिन घालायची, दोन साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची. संपलं. शेंबड्या पोरालाही जमेल.

पण दाजी शेंबडं पोर नाहीत, सुभेदार आहेत. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "मला शिकवू नगंस. मी तोफा ओढल्यात." (अक्काच्या म्हणण्याप्रमाणे ते स्टोअरमध्ये होते. ब्लँकेटं मोजत.) तो बिचारा बंपर किती कापायचा याची खूण करत होता, दाजींनी ती खूण पुसून स्वतःची केली. बंपर आजही एका बाजूने कुत्र्याने चावल्यासारखा दिसतो.

पुढची निगा तर बघा. गोळ्याला ग्रीस लावायचं असतं. दाजींच्या पांढऱ्या पँटला ते लागलं, म्हणून त्यांनी पुसून टाकलं. साखळ्या बंपरला घासतात, म्हणून पिशवीत घालून डिकीत. पिन कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "खटका हाय की. पिन ही भित्र्या माणसासाठी असती." मग जनावरं न्यायचा एक सेकंडहँड ट्रेलर आणला, आणि गल्लीत उभा करून त्याच्याकडे बघत चहा प्यायला लागले.

त्याच गल्लीत हौसाबाई राहायच्या. एकट्या, तोंडाने फटकळ, आणि दारात एक खिल्लार गाय, गंगी. जत तालुक्यात दिलेली लेक किती वर्षं बोलवत होती, आई आता इकडेच ये. म्हातारी एकच सांगायची, "गाय यील तवा मी यीन." आणि गाय जाणार कशी? मागे एकदा पिकअपमध्ये घालून डॉक्टरकडे नेताना ती आत पडली होती, गुडघे फुटले होते. आता तर गाभण, दिवस भरत आलेले. एक दणका बसला तर गायही जायची आणि वासरूही. भाड्याचं घर रिकामं करून द्यायची वेळ आली होती, आणि गाय स्वस्तात लाटायला एक व्यापारी रोज दारावरून चक्कर मारत होता.

दाजींना तोफ मिळाली!

"मावशी, माझ्या ट्रेलरमधनं गंगी जाईल. पाण्याचा पेला ठिवा आत, थेंब सांडणार न्हाई."

"तुमी ओढणार?" हौसाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला तर सायकल ढकलता येत न्हाई, सुभेदार."

पण दुसरा मार्ग नव्हता. रविवारी सकाळी निघायचं ठरलं, आणि अक्काने हट्ट धरला म्हणून मीही गेलो. "तू जा रं संगं. हे एकटं गेलं तर गाय एकीकडं आन हे एकीकडं."

गंगीला ट्रेलरमध्ये चढवलं. दाजींनी गाडी मागे घेतली, मी "येऊ द्या… येऊ द्या… बास!" केलं. ट्रेलरचा दांडा फिरवून नाक खाली सोडलं, टोप पट्टीवर बसला, खटका पाडला, टक्क आवाज आला. मी नीट वाकून बघितलं का? नाही. अक्का नारळ फोडत होती, त्याचं पाणी माझ्या शर्टावर उडालं होतं, आणि दाजी हॉर्न वाजवत होते. वायर मात्र मीच जोडली. साखळ्या डिकीत. पिन भित्र्यांसाठी.

हौसाबाई मागच्या सीटवर बसल्या. बसल्या म्हणजे उलट्या, गुडघ्यावर, लहान मुलं बसतात तशा. मागच्या काचेला नाक लावून. आणि बोलायला सुरुवात.

"ये गं गंगे. ये. हळू हाय रस्ता. ये माज्या बया."

"मावशी, सरळ बसा, पट्टा लावा," दाजी म्हणाले.

"तुमी म्होरं बघा. मागचं मी बघती."

विटा, तासगाव… ही म्हातारी उलटीच. खड्डे, स्पीडब्रेकर, उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगणं, सगळं झालं. तासगावातून सरळ कवठे महांकाळ गाठायचं सोडून दाजींनी गाडी माधवनगरला घातली. का? तिथे त्यांचा फौजेतला दोस्त राहतो, त्याला टो-हिच दाखवायचा होता. गाभण गाय मागे उन्हात, आणि यांचं प्रदर्शन! दोस्त बाहेर आला, बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "लय भारी बसवलंय." हिच मागे असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही. दाजींनीही नाही, कौतुक ते कौतुक.

मिरज गेलं. कवठे महांकाळच्या पुढे रान उघडं पडलं, ऊन वाढलं, आणि म्हातारीचा डोळा लागला. बोलणं थांबलं म्हणून माझ्या लक्षात आलं. त्याच क्षणी गाडी हलकी झाली. म्हणजे कशी सांगू… भरलेली घागर डोक्यावरून कुणी अलगद उचलून घ्यावी तशी. इंजिनचा आवाज बदलला, गाडी सुसाट सुटली.

"बघा पावणं, पॉवर!" दाजी खूश.

मी आरशात बघतो तोवर हौसाबाई दचकून जाग्या झाल्या आणि किंचाळल्या, "गंगेऽऽ! ये!"

मागून हलकासा हिसका बसला. ओझं पुन्हा आलं. आरशात ट्रेलर होता तिथेच होता.

"टर्बो," दाजी म्हणाले. पण त्यानंतर म्हातारीला झोप येऊ नये म्हणून तिला मी लेकीच्या सासूबद्दल विचारत राहिलो. तो विषय इतका खोल निघाला, की जत केव्हा आलं कळलं नाही.

वस्तीवर पोचलो. लेक रडत धावत आली. मागचं दार उघडलं, गंगी आरामात उतरली, अंगावर ओरखडा नाही. हौसाबाईंनी तिच्या कपाळावर हात फिरवला, आमच्याकडे पाठ केली आणि दोघी गोठ्याकडे चालू लागल्या.

आणि धाडकन आवाज झाला.

ट्रेलरचं नाक जमिनीवर आदळलं होतं. आम्ही धावलो. टोप धुळीत पडलेला, खटका बंद, आणि समोर गाडीची पट्टी. पट्टीच्या टोकाला फक्त भोक. गोळा नव्हता. नटही नव्हता. दोन्हींमध्ये लोंबत होती ती दिव्यांची वायर, मी जोडलेली.

"तुटून पडला असंल आत्ता," दाजी म्हणाले. आवाज मात्र सुभेदाराचा नव्हता. आम्ही गुडघ्यावर बसून धूळ चाळली. काही नाही. तेवढ्यात अक्काचा फोन.

"पोचला का? आन ह्यो गोळा हितंच कसा काय? काल पूजंला म्हणून ह्यांनीच काढून दिला, माजं गुडघं वाकत न्हाईत बंपरखाली. देवघरात हळदीकुंकू लावून ठिवलाय की! दुसरा बसवला व्हय?"

दुसरा नव्हताच. फॅब्रिकेटरने एकच दिलेला.

आता हुशार लोकांची मतं ऐका. माझा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, टोप पट्टीवर नुसता टेकला असणार, घर्षणाने राहिला. तळहाताएवढ्या गुळगुळीत पट्टीवर, गाय भरलेला ट्रेलर, साताऱ्यापासून जतपर्यंत! याच्या कॉलेजने पदवी परत मागवली पाहिजे. दुसरा म्हणतो, वायरने ओढला. त्या वायरने घरात इस्त्रीसुद्धा ओढवत नाही. तिसऱ्याने अमावस्या होती का विचारलं, त्याच्याशी मी बोलणं सोडलंय.

काही आठवड्यांनी आम्ही गोळा घेऊन ट्रेलर परत आणायला गेलो. गंगी व्यायली होती, पांढरंशुभ्र वासरू अंगणात उड्या मारत होतं. दाजी गाडीतून उतरेनात, म्हणून मीच हौसाबाईंना सगळं सांगितलं. गोळा हातात धरून दाखवला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला.

"ह्येनं बांदत्यात व्हय?"

"हो. आणि हे नव्हतंच, मावशी. तुमची गाय कशालाच बांधलेली नव्हती."

"मग?"

"मग आली कशी?"

"आरं, तिला कवा बांदली मी? दावंच न्हाई तिला. रानात जाऊ दे, नदीला जाऊ दे, मी म्होरं चालायचं, ती मागनं येती. त्या दिशी बी आली."

"मावशी, गाय येईल हो! पण ती लोखंडाच्या पेटीत होती. पेटीला चाकं होती. ती पेटी कशी आली?"

हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की दाजींना शिव्या घालताना मी कसा दिसत असेन ते मला पहिल्यांदा समजलं.

"गाय यायला लागल्यावर पेटी कुठं ऱ्हाईल?" त्या म्हणाल्या आणि वासराला पाणी दाखवायला गेल्या.

मी गोळा बसवला, नट आवळला, ग्रीस लावलं, पिन घातली, साखळ्या अडकवल्या. रिकामा ट्रेलर घेऊन परत आलो. काही झालं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दाजींकडे आहे. ते म्हणतात, व्हॅक्यूम. त्यापेक्षा मला म्हातारीचं बरं वाटतं… आणि ते तर मला मुळीच पटत नाही.