भिंतीवरची लाल रेघ

आमची ताई हट्टी आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आता माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

ताई आधी शिकवणीत गणित शिकवायची. पोरं हाताशी आल्यावर प्रोग्रॅमिंग शिकली आणि चाळिशीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात लागली. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, घरघरणारा पंखा. तिथं बसून तिनं एकटीनं एक सॉफ्टवेअर बनवलं. ऑप्शनचा, म्हणजे शेअरचा भाव पुढं कुठं जाईल यावरच्या पैजेचा, कुठला सौदा करणार ते त्यात भरायचं, की भाव कुठं गेला तर किती फायदा, किती तोटा, याची रेघ पडद्यावर उमटते. फायदा हिरवा, तोटा लाल.

गिऱ्हाइकांचा लाडका सौदा एकच. भाव फार चढणार नाही आणि फार पडणारही नाही, अशी दोन्हीकडून पैज घ्यायची. जागेवर राहिला तर सुरुवातीलाच हातात आलेली रक्कम आपली. पळाला तर भरपाई आपल्या खिशातून.

पहिल्या खेपेला ताईचीच चूक झाली. मोबाइलवर चित्र नीट मावावं म्हणून तिनं आजच्या भावाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्केच दाखवले. तेवढ्यात ही रेघ सपाट आणि हिरवीगार दिसते. उतार लागतो तो त्याच्या बाहेर. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका निवृत्त ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, "बाई, ही रेघ कडेला संपते की पुढं जाते?" ताई त्या दिवशी जेवली नाही. दोन दिवसांत तिनं दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. लाल उतार दिसायला लागला आणि नवी गिऱ्हाइकं निम्म्यावर आली.

मालक म्हणाले, "बाई, जुनं चित्र परत आणा."

"ती चूक होती, साहेब."

"त्यात खोटं काय होतं? दाखवलं तेवढं खरंच होतं ना?"

"एकदा झाली ती चूक. आता जाणूनबुजून केली तर तिला चूक म्हणत नाहीत."

हे कळल्यावर मी तिच्यावर उखडले. भाऊजींची नोकरी गेलेली, सगळं घर हिच्या पगारावर. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढं कळत नाही तुला?"

"पोळी मी लाटली, मीच भाजली," ती म्हणाली. "त्यांचं फक्त ताट आहे."

खरं सांगू? मलाही ती हिरवी रेघच हवी होती. माझ्या नवऱ्याला नोकरी सोडताना एकरकमी पैसे मिळाले होते आणि ते ह्याच सौद्यात घालायचे म्हणून मी त्याच्या मागे लागले होते.

शनिवारी सकाळी मालकांनी ऑफिसच्या मोठ्या हॉलमध्ये चाळीसेक लोक बोलावले, त्यात मी आणि माझा नवराही होतो. जुनं चित्र त्यांनी ताईला न विचारता परस्पर चढवलं होतं. तिनं फक्त बटणं दाबायची. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून हिरवी सरळ रेघ उमटली आणि मालक म्हणाले, "दरमहा अशी." लोकांनी माना डोलावल्या. माझीही डोलली.

ताई उठली. फळ्याजवळचा लाल मार्कर घेऊन तिनं हिरवी रेघ जिथं संपत होती तिथं टेकवला. लाल रेघ दोन वीत सरळ गेली आणि मग खाली वळली. ताईनं चित्राची खालची कड ओलांडली, स्विचबोर्डाला वळसा घातला, कमरेत वाकली, शेवटी गुडघ्यांवर बसली.

"अहो, नवा रंग आहे भिंतीला," मालक म्हणाले.

"पुसता येईल," ताई म्हणाली. "ह्यांचा तोटा नाही पुसता येणार."

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "ताई, म्हणजे तोटा फरशीपाशी थांबतो ना?"

"नाही हो. फरशीपाशी माझा हात थांबला."

मालकांनी तिला तिथंच सांगितलं, सोमवारपासून यायचं नाही. नवऱ्यानं खिशातला, ह्या सौद्यासाठी सही केलेला अर्ज काढून फाडला. आणखी सात-आठ जण उठले. बाकीचे बसूनच राहिले. मालकांनी एक कपाट सरकवून लाल रेघ झाकली आणि पुढं बोलायला लागले.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही रडेल. कुठली रडते! दाराबाहेरच्या पायरीवर बसली, पर्समधून वही काढली आणि तीच रेघ पानभर काढली.

"आता इथं काय करतेस?" मी विचारलं.

"आतले बाहेर येतीलच की."

सुरक्षारक्षक येऊन म्हणाला, इथं बसायचं नाही. ताई एक पायरी खाली सरकली आणि म्हणाली, "ही तर रस्त्याची आहे." मी तिच्या शेजारी बसले.

तासाभरानं पहिला माणूस बाहेर आला. हातात अर्ज, नुसती सही बाकी. ताई वही उघडेपर्यंत मीच उठून त्याच्या आडवी गेले.

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं. "आमच्या घरी ह्याच अर्जावर सही झाली होती. मीच करायला लावली होती."