पत्र्याखालची खोली

दर वर्षी मे महिन्यात एक म्हातारा आमच्या कळंब्याच्या घराची कौलं शाकारायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक कौल तो बोटाच्या पेरानं वाजवून, कान देऊन ऐकायचा आणि मगच जागेवर बसवायचा.

एका वर्षी आम्ही कौलं काढून स्लॅब टाकला. वर पत्र्याची एक खोली केली आणि सासूबाईंची कॉट तिथं नेली. म्हातारा नेहमीसारखा आला आणि वर बघतच राहिला. "माझं काम गेलं म्हणा की! म्हातारी कुठं हाय?" मी वर बोट केलं. तो जिना चढून गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले आणि सवयीनं दाराबाहेरच थांबले.

त्यानं पत्र्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "वैनी, उन्हाळा काय पयल्यासारखा ऱ्हायलाय व्हय? हितं म्हातारं माणूस भाजंल की! तुम्ही कधी बसलाय का हितं?"

मी बसले नव्हते. आतली धग मला सोसत नव्हती, म्हणून जेवणाचं ताटसुद्धा मी दारातूनच सरकवत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पत्रा जरा कमी तापावा म्हणून त्यानं चुना मागून घेतला आणि वर चढून दोन हात दिले. तो गेल्यावर मी आत जाऊन कॉटवर टेकले. सासूबाई पदरानं मला वारा घालू लागल्या. म्हणाल्या, "जा बाई खाली, तुला सोसायचं न्हाय."