कांजण्यांना चकवायला बांधलेला डहाळा

आमच्या घरात कांजण्या आल्या, त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच त्यांच्या स्वागताची सगळी तयारी मी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

चुडाव्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभरावर आमचं गाव. चैताचे दिवस, कडुलिंब मोहरून आलेले, गल्लीभर कडूगोड वास, अन् माणूस चालता चालता झोपी जाईल असं ऊन. अशात वरच्या गल्लीत तीन घरी कांजण्या निघाल्या. आमच्याकडं त्यांचं नाव घेत नाहीत, 'बाई आल्या' म्हणतात. बाई आल्या की दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा. घरात फोडणी बंद, दाढी बंद, तेल-फणी बंद. अन् परक्यानं त्या दारात पाय टाकायचा नाही.

एरवी आमी घाबरलो नसतो. पण माझी नणंद कमळ, तिला बघायला सेलूची मंडळी येणार होती. मुलगा तिथल्या कापसाच्या जिनिंगात कारकून. आधीची दोन स्थळं पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेली, ती गेलीच. (पोहे माझ्या हातचे. पाव्हण्यांचे पोहे थोरल्या सुनेनं करायचे, तो मान मी कुणाला देत नसे.) आता हे तिसरं स्थळ. हेही गेलं तर पोरीला नावं ठेवायला गाव मोकळं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "पाव्हणे येऊन जाईस्तोवर घरात कुणाला शिंक बी येता कामा न्हाई. कसं करतीस?"

"तुमी निस्त्या बसा. मी करते सगळा बंदोबस्त."

अन् मी पदर खोचला. लिंबाचा पाला रांजणात, उशीखाली, कणगीत. गोठ्यात धूर, तर म्हैस दोन दिवस शिंकत होती. बाईंनी रागावू नये म्हणून फोडणी आधीपासूनच बंद. आमच्या मालकांची दाढी बंद.

"अगं, हे आजार आल्यावर करायचं असतंय," मालक म्हणाले.

"आल्यावर तर कुणीबी करतंय."

शेवटी माझ्या डोक्यातून ती अक्कल निघाली. मी दाराला चांगला हातभर डहाळा बांधला.

"हे कामून गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बाई दारात येतील, डहाळा बघतील. म्हणतील, इथं आपण येऊन गेलोय. अन् फुडं जातील."

आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, "डोकं हाय पोरीला."

जी खूण बाईंना कळते ती माणसांनाही कळते, एवढं एकच आमच्या दोघींच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराला काय शांतता आली म्हणून सांगू. ताक मागायला कुणी नाही, विस्तव मागायला कुणी नाही. रस्त्यानं जाणारा आमच्या दारासमोर आला की वहाणा काढायचा, हात जोडायचा अन् लांबून निघून जायचा. आमाला वाटलं, साथीच्या धाकानं गाव लय देवभोळं झालंय. दुपारी बिनफोडणीचं वरण खाऊन आमी तिघी अंगणातल्या लिंबाखाली एका सतरंजीवर पडायचो. वरून मोहर गळायचा, आत्याबाईंच्या पांढऱ्या केसांत अडकायचा. कमळ झोपेत हसायची. कुठंतरी झाडावर होला पक्षी घुमायचा. आत्याबाई माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगता सांगता अर्ध्यातच घोरायला लागायच्या, अन् उरलेली विहीर मला स्वप्नात दिसायची. बारा वर्षांत एवढं सुख मला सासरी लागलं नव्हतं.

येणारी एकच, वरच्या गल्लीची गयाबाई. मेंढरंवाल्या घरची. तिच्या घरी बाई आलेल्या, त्यामुळं तिला कुठं जाता येत नव्हतं. आमच्या दाराचा डहाळा बघून ती कडेवर पोर घेऊन सरळ आत आली.

"आठ दिस झाले, कुणाशी बोलले न्हाई बघा. आता तुमच्यात बी आल्या, मला बसाय-उठाय घर झालं. कुणाला आल्यात?"

"आमच्यात कुणालाच न्हाई, गयाबाई."

तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "बाईला न्हाई म्हणू न्हाई. राग येतो."

अन् पोर माझ्या मांडीवर दिलं. अंगावरचे फोड अजून ओले होते. पोर मोठं गुणी, माझ्या हातानं वाडगाभर दहीभात खाल्ला. मग गयाबाई रोजच यायला लागली. (चांगल्याला दार बंद, अन् ज्याच्या घरी बाई त्याला उघडं, असा माझा बंदोबस्त.) तवाच डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण त्या दिवसांत डोकं सारखं पेंगत होतं.

गुरुवारी पाव्हणे निघाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत एस.टी. आज चालू तर उद्या बंद, म्हणून रेल्वेनं चुडाव्याला उतरले अन् तिथून बैलगाडी केली. कमळ हिरवी साडी नेसून बसली होती. आमी खिडकीतून बघायलो. गाडी दाराशी थांबली. मुलाचे वडील खाली उतरले. डहाळा बघितला. वहाणा काढल्या, हात जोडले. गाडीत मुलाच्या आईनं डोक्यावर पदर घेतला. अन् गाडी वळली.

मालक तसेच पळत बाहेर गेले. दहा दिवसांची दाढी, केस पिंजारलेले, अन् कानामागं लिंबाचा पाला, मीच खोवलेला.

"थांबा वो! आमच्यात कुणालाच काई न्हाई!"

मुलाची आई गाडीतूनच म्हणाली, "बाईला न्हाई म्हणू न्हाई, बाबा. जावा, घरात ध्यान द्या."

मालकांचं रूप बघून बैलसुद्धा जरा पाय उचलूनच चालले.

घरात कमळनं कपाळाची टिकली काढून आरशाला लावली. "वैनी, याच्यापेक्षा कांजण्या परवडल्या असत्या."

आत्याबाईंनी डहाळा सोडला अन् माझ्या हातात दिला.

मालकांनी सेलूला पत्र टाकलं. माझी सगळी अक्कल त्यात सविस्तर लिहिली. उत्तर आलं, पुढच्या रविवारी येतो.

शनिवारी माझं अंग तापलं. रविवारी पहाटे पोटावर फोड. तेहतीस वर्षांची बाई मी, अन् निघाल्या त्या मलाच.

"आता डहाळा बांधायचा का?" मालकांनी विचारलं.

"घराला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "हिला आखाड्यावर न्या. तिथं काय बांधायचं ते बांधा."

आखाडा म्हणजे आमच्या शेतातली झोपडी.

"पण पोहे कोण करणार?" मी तापात विचारलं. मालक माझी वाकळ गुंडाळायला लागले.

आखाड्यावर बाजेवर पडले. तिथून गावाची वाट दिसायची. उन्हात सगळं शिवार पाण्यावर तरंगल्यासारखं हलत होतं, अन् त्यातून पाव्हण्यांची गाडी येत होती, चाकं भुईला न लागता. मी श्वास धरून बघत होते, आता वळंल, आता वळंल. गाडी वळली नाही. घरांच्या आड गेली. मग डोळा लागला. स्वप्नात ते दोन्ही बैल शिंगाला डहाळे बांधून मला म्हणत होते, कळवतो.

दिवस कलायच्या वक्ताला आत्याबाई आल्या अन् लांब बांधावरच थांबल्या.

"जमलं का वो?" मी बाजेवरून ओरडले.

"जमलं. आखातीच्या सणाला सुपारी फोडायची."

मला रडूच आलं. "कशानं जमलं?"

"पोहे कमळीनं केल्ते. पोराच्या आईनं दोनदा मागून घेतले."

होला घुमत होता. मी म्हटलं, "मग मागची दोन स्थळं..."

"तवा पोहे कुणी केल्ते?"

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. बांधावरून आत्याबाईंचा आवाज आला, लय मायेनं: "बाई दोन वर्सं आधी आल्या असत्या, तर पोरगी एव्हाना नांदायला लागली असती."

तेव्हापासून पाव्हणे यायचे म्हटलं की आमच्या घराची तयारी सोपी झालीय. मला आखाड्यावर पाठवतात.